दाजाकु

माझं शिक्षण चौथी, पण ताठा असा की बसमध्ये म्हातारा म्हणून कुणी जागा दिली तर मी घेत नाही. बहरीनमध्ये सुतारकाम करून गुडघे गेले, तरी नाही.

सलमाबादहून मनामाला जाणाऱ्या बसमध्ये साताऱ्याकडचा एक एसी मेकॅनिक रोज भेटायचा. त्याला जपानला कामाला जायचं होतं, म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर जपानी शब्द लिहून तो घोकत बसायचा. शब्द चुकला की स्वतःला शिक्षा म्हणून उठून उभा राहायचा. रिकामी जागा वाया कशाला घालवायची, म्हणून मी बसायचो.

मी चढलो की त्याचा हमखास एकच शब्द चुकायचा, 'दाजाकु'. म्हणजे मनाने कमकुवत आणि आळशी. पुस्तकी शब्द आहे म्हणे.

"एवढासा शब्द येत नाही आणि निघालाय जपानला," मी बसल्या बसल्या सुनावायचो. तो कान पकडून हसायचा.

एक दिवस तो असाच चुकून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, परीक्षा पास झालो."

"आणि तो तुझा शब्द?"

"तो तर पहिल्याच दिवशी पाठ झाला होता, काका."

मी लगेच उठायला हवं होतं. मनामा अजून चार थांबे लांब होतं. मी खिडकीबाहेर बघत बसून राहिलो.