डोंगरापलीकडच्या बाई

हाताचा पंजा तिरका वर नेत आणि मग सावकाश खाली आणत बाई म्हणायच्या, "हवा वर चढली की गार, खाली उतरली की कोरडी. कळलं?" वाळवंटाचा धडा म्हटला की हा हात आलाच. सावेडीतल्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी शेजारच्या वर्गात मराठी. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं: उतरणारी हवा तापते, आणि तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत.

एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आपल्याकडं पाथर्डीला पाऊस कमी का?"

"ते परीक्षेला नाही," म्हणत बाई पुन्हा सहाऱ्यात शिरल्या. मला गंमत वाटली.

बाई स्वतःला भंडारदऱ्याकडच्या म्हणवायच्या. "आमच्याकडचा पाऊस तुम्ही पाहिलाच नाही!" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दर दिवाळीनंतर त्या आमच्यासाठी 'गावचा' तांदूळ आणत. एकदा पिशवीवर शहरातल्याच दुकानाचं नाव दिसलं. आम्ही गालात हसलो आणि विसरून गेलो. गावाचं कौतुक जरा वाढवून सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतीलच. कोण खोलात जातं?

मग हिवाळ्यात शाळेची सहल भंडारदऱ्याला निघाली. धरण पाहून झाल्यावर मुलांनी गलका केला, "बाईंच्या घरी जायचं! बाईंच्या घरी!" आम्हीही हट्ट धरला. बाईंचा चेहरा उतरला, पण त्या चालायला लागल्या. पहिल्याच वाडीत एका अंगणात म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. बाई पुढं झाल्या.

"आजी, पोरांना पाणी मिळेल का?"

"ये की बाय, घर आपलंच हाय," म्हातारी म्हणाली आणि तिनं कळशीच बाहेर आणून ठेवली.

पोरं पाण्यावर तुटून पडली. एकानं तोंड पुसत विचारलं, "बाई, या तुमच्या आई?"

म्हातारीच हसून म्हणाली, "आईच म्हन रं."

हातातला भरलेला तांब्या बाईंनी तसाच खाली ठेवला.

"नाही. या माझ्या कुणी नाहीत," त्या म्हणाल्या. "माझं गाव पाथर्डीकडं. आई-वडील ऊसतोडीला जायचे. वडील गेले. आई तिथं एकटी असते, आणि मी तिला सांगून ठेवलंय, शाळेत कधी येऊ नकोस म्हणून."

वर्गात पाथर्डीच्या पावसाचं विचारणारी ती मुलगी मान खाली घालून उभी होती. बाई तिच्याकडं वळल्या.

"तू विचारलं होतंस ना? समुद्रावरून आलेले ढग या डोंगरावर चढतात आणि इथंच रिकामे होतात. पलीकडं उतरते ती कोरडी हवा. त्यात आमच्या गावाचा काय दोष होता? मीच लाजत राहिले."

म्हातारीला सगळं कळलं की नाही, कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "मग आता घरी जा बाय. तिला भेट."

परतीच्या वाटेवर बसमध्ये गाणी झाली नाहीत. बाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, आणि तिथं जाऊन बसायचं धाडस माझ्याच्यानंही झालं नाही.

आता बाई आमच्या शाळेत नाहीत. स्वतःहून बदली मागून त्या गावाकडं गेल्या. निरोप समारंभाला मात्र आईला घेऊन आल्या. नऊवारी लुगड्यातल्या त्यांच्या वाळलेल्या आईंना मुख्याध्यापकांनी पहिल्या रांगेत नेलं. खुर्चीसमोर त्या थबकल्या. भरल्या सभागृहाकडं एकदा पाहून त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "मी हितं बसले तर चालंल ना गं तुला?"

बाईंनी आईचा हात घट्ट धरला. पण मान काही त्यांना वर करता आली नाही.