रुळावरची शीव

नोव्हेंबरची सात तारीख, शनिवार, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. मी दवाखान्याच्या मागच्या पडवीत उकळलेले रबरी हातमोजे दोरीवर टाकत होते. वाळले की आतून शंखजिऱ्याची पूड लावावी लागते, नाहीतर ऐन वेळी बोटं आत जात नाहीत आणि ओढले की फाटतात. दवाखान्यात नर्स मी एकटीच, त्यामुळे ही कामंही माझीच. दूध घालणारी बाई चरवी टेकवून बसली आणि म्हणाली, "बाई, खालच्या पेठेत त्या गाडीवाल्यांच्या घरी कासार आलता. धाकट्या सुनंच्या बांगड्या काढायला. हात लई सुजल्यात. त्येला काय निघंनात, आन् सासू फोडू देईना."

मी हातमोजे तसेच सोडले. त्या सुनेला आठवा महिना होता. माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. महिन्यापूर्वी मी तिला पाहिलं तेव्हा फक्त पाय सुजले होते, आणि तेवढी सूज पुष्कळ जणींना येते. आता ती हातांवर आली असेल तर गोष्ट वेगळी. असल्या बाईला झटके येऊ शकतात. झटके सुरू झाले की आई हाती लागेल का मूल, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. तिला दवाखान्याच्या खाटेवर आणायला हवं होतं, आणि ते आजच.

अंतर म्हणाल तर हाकेचं. पण मध्ये रूळ होते.

आमचं गाव बेळगाव आणि निपाणीच्या मधलं. नाव लिहीत नाही. दोन्ही पेठांतली माणसं अजून आहेत आणि भांडायला त्यांच्याकडे वेळही आहे. मोठ्या लाइनच्या स्टेशनापासून आमच्या गावापर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तिला लोक बारकी गाडी म्हणत. लहानसं इंजिन, मागे मालाचे डबे आणि शेवटी माणसांचे दोन. रूळ टाकले ते सरळ हमरस्त्याच्या कडेने, आणि दवाखान्यापाशी त्यांनी रस्ता तिरका ओलांडला. रस्ता पूर्वीच अपुरा होता. तंबाखूच्या बैलगाड्या, टांगे, निपाणीची मोटार, बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. त्यात ही गाडी आली. बैलगाडीचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबत. मोटारवाला भोंगा दाबत बसे आणि त्याने बैल आणखीच बुजत. आमच्याकडचा एक टांगेवाला म्हणायचा, "समद्यांस्नी बाजूला सर म्हणता येतं. हिला म्हणून बघा की!"

फायदा नव्हता असं मी म्हणणार नाही. अडलेली बाई बेळगावच्या मोठ्या इस्पितळात न्यायची तर पूर्वी बैलगाडीत तिचे हाल होत. आता ती डब्यात पडून स्टेशनापर्यंत जाई. पण तंबाखूची ओझी स्टेशनावर नेणाऱ्या खालच्या पेठेतल्या गाडीवाल्यांचा धंदा बसला. कोणी बैल विकले, कोणी लांबची भाडी धरली. या सुनेचा नवराही तेव्हा गाडी घेऊन घाटाखाली गेला होता.

मग म्युनिसिपालिटीची निवडणूक आली. वरच्या पेठेतल्या मंडळींच्या हातात सत्ता होती. त्यांनी वॉर्ड नव्याने पाडले आणि हद्द धरली रुळाची. गाडीवाल्यांची घरं दोन वॉर्डांत वाटली गेली, ती चुकून नव्हे, त्यांची मतं फुटावीत म्हणून. त्याच सभेत ठरलं की दवाखाना वरच्या वॉर्डात, तेव्हा नर्सने घरी जाऊन पाहायचं ते वरच्या वॉर्डातच. खालच्या वॉर्डाला वेगळी नर्स यथावकाश मिळेल. कारकुनाने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "यथावकाश म्हणजे पोटातलं पोर थांबणार का?" तो म्हणाला, "बाई, मी फक्त निरोप्या."

खालच्या पेठेचा पुढारी म्हणजे या सुनेचाच थोरला दीर. गाडीवाल्यांतर्फे तो उभा होता. माणूस सरळ, पण डोकं तापट. दसऱ्याला गावदेवीची पालखी खालच्या पेठेतून निघते, वरच्या पेठेतून जाते आणि पलीकडच्या जुन्या वेशीबाहेर सीमोल्लंघन करून परत येते. त्या वर्षी पालखी रुळांपाशी आली आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. वरच्या पेठेच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की गाडी जाईपर्यंत पालखी थांबवावी. थोरला पालखीपुढे उभा राहून ओरडला, "देवी कुणाच्या गाडीची वाट बघत न्हाय! जिथं त्यांनी आमची हद्द केली, तिथंच आमचं सीमोल्लंघन!" गुरवाने तिथेच आरती केली, रुळाला नारळ वाढवला, लोकांनी तिथेच सोनं वाटलं, आणि पालखी मागे फिरली. त्या रात्री खालच्या पेठेत सगळे खूश होते.

पोटुशा बायकांचा विचार कोणी केला नव्हता. आमच्याकडे सातवा लागला की बाईने शीव ओलांडायची नसते. आणि जिथे देवीचं सीमोल्लंघन, तिथे शीव. म्हाताऱ्यांनी हे कोणाला विचारलं नाही, आपसांत ठरवलं. दसऱ्यापासून खालच्या पेठेतली एकही भरल्या दिवसांची बाई दवाखान्यात आली नाही. मला तिकडे जायची मनाई, आणि त्यांना इकडे यायची.

मी पिशवी उचलली आणि निघाले. डॉक्टरांना सांगितलं, खाट तयार ठेवा. ते म्हणाले, "बाई, तिकडे?" मी म्हणाले, "तिकडेच."

सून माजघरात भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजला होता, पापण्या जड. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मी विचारलं, "डोकं दुखतं?"

"कालधरनं. आन् डोळ्यांम्होरं काजवं चमकत्यात."

मी तिच्याकडून काचेच्या नळीत लघवी घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती फाटलेल्या दुधासारखी पांढरी झाली. सासू माझ्या खांद्यावरून पाहत होती.

"ह्ये काय, बाई?"

"मावशी, हिला झटके येतील. कधी ते सांगता येत नाही. आता येतील, रात्री येतील. दवाखान्यात औषध आहे, डॉक्टर आहेत. घरी माझ्याच्याने होणार नाही."

"डागदरला हितं आणा."

"ते येतील, सुई देतील आणि जातील. हिच्या उशाशी रात्रंदिवस माणूस पाहिजे, अंधारी खोली पाहिजे. इथे चूल, म्हशी, पोरं. नाही जमणार."

"मग सवाष्णीला शीव वलांडायला लावू? प्वाट घेऊन? उद्या काय झालं मंजी?"

तेवढ्यात थोरला आला. नेसूला धुतलेलं धोतर, गळ्यात झेंडूची माळ, प्रचाराला निघालेला. त्याला मी सगळं पुन्हा सांगितलं. त्याने माळ काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "बाई, मी अडवत न्हाय. पर उद्या मतं हायत. उद्या सांजंला पेट्या बंद झाल्या की मी सोता उचलून आणतो तिला."

"का? आज काय होतं?"

"आज आमच्याच घरची बाई शीव मोडून गेली तर पेठ काय म्हणंल? त्यांच्या दारात गेला, म्हणतील. दसऱ्याला बोलला आन् मतांच्या आधी फिरला."

"आणि उद्या सकाळी झटका आला तर?"

त्याने सुनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "यीलच असं हाय का?"

"नाही. येणारच नाही असंही नाही."

याहून खरं मला काही सांगता येत नव्हतं. खोटं सांगितलं असतं तर कदाचित लवकर हलले असते, पण पुढच्या खेपेला त्याच घरात माझं कोणी ऐकलं नसतं. मी सुनेची नाडी धरून बसले. बाहेर बाजाराचा गलका चालू होता. सून डोळे मिटून म्हणाली, "आत्या, दार कुठल्या अंगाला हाय? मला नीट दिसंना झालंय."

सासू उठली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती देवघरात गेली आणि देवांच्या टाकांमधला एक चांदीचा टाक पदरात घेऊन आली. त्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती गावदेवीचीच होती.

"आई, ह्ये काय करतीयास?" थोरला म्हणाला.

"शीव म्हंजे देवी थांबली ती जागा न्हवं? मग देवीच म्होरं जाऊ दे. ती जाईल तितवर शीव सरंल."

"आगं, पर लोकं..."

"लोकांची मतं तू बघ. मी माझी सून बघते. गाडी जुंप."

त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोठ्याकडे गेला. घरात तेव्हा एकच बैलजोडी उरली होती.

गाडीत कडबा, त्यावर घोंगडं, त्यावर सून, तिच्या उशाशी मी. पुढे म्हातारी, दोन्ही हातांत पदराआड टाक. बाजाराची गर्दी तिला वाट करून देत होती, का ते न समजताही. रुळांपाशी नेहमीसारखा घोळ झाला होता. तंबाखूची एक गाडी तिरकी, दोन टांगे, मोटार, आणि पलीकडे स्टेशनाकडून आलेली बारकी गाडी वाफ सोडत उभी. म्हातारी रुळाच्या अलीकडे थांबली. खाली वाकून टाक रुळाला टेकवला, कपाळाला लावला आणि पाऊल पलीकडे टाकलं.

वरच्या पेठेतला एक जण पानाच्या दुकानातून ओरडला, "आली रं, देवी आली आमच्याकडं! आता मतं बी येत्यात बघा!" दोघं-चौघं हसले. खालच्या पेठेतलं कोणी म्हणालं, "ह्येंच्या घरात देवी बी दोन, आन् शीवा बी दोन." थोरल्याला हे ऐकू गेलं. त्याने मान वर केली नाही. चाक रुळावर चढताना हिसका बसेल म्हणून त्याने गाडीतली गोणपाटं रुळाच्या दोन्ही अंगांना दडपली, बैलांचे कासरे एका हमालाकडे दिले आणि चाकाच्या आऱ्याला खांदा लावला. गाडी इतक्या सावकाश पलीकडे गेली की माझ्या हाताखालची नाडी जराही बदलली नाही. पलीकडे पोचल्यावर त्याने गोणपाटं उचलून झटकली, गाडी हमालावर सोपवली आणि परत फिरला.

डॉक्टरांनी सुई दिली. खिडकीला मी काळं कांबळं ठोकलं. कासाराकडून आणवलेल्या बारीक कानशीने एकेक बांगडी घासून अलगद काढली. म्हातारीने तेवढं करू दिलं, फोडली नाही म्हणून. एक हातातच ठेवून दिली, ती सैल होती. डॉक्टर म्हणाले, उजेड नको, धक्का नको, आणि आवाज तर अजिबात नको. आवाजाने झटका सुरू होतो.

दिवेलागणीच्या गाडीने दवाखान्याच्या दाराशी शिट्टी मारली. रस्ता ओलांडायच्या जागी शिट्टी मारायचा नियमच होता. सुनेचं सगळं अंग एकदम ताठ झालं, जबडा घट्ट मिटला. दातांखाली द्यायला मी चमचा कापडात गुंडाळून हातात धरला. ती मग सैल पडली. झटका नव्हता. म्हातारीला मी तसं सांगितलं, पण चमचा खाली ठेवला नाही.

सकाळी मतदान. त्यासाठी दोन्ही पेठा गाड्या जुंपणार, हलग्या लावणार, माणसं आरडाओरडा करत आणणार, आणि सगळ्यांचा रस्ता दवाखान्यावरून.

उजाडताच म्हातारीला सुनेजवळ बसवून मी बाहेर पडले. रुळांपाशी दोन्ही बाजूंच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. पहिल्या गाडीच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ मी स्वतः सोडली. गाडीवान वरच्या पेठेचा होता, चिडला. मी म्हणाले, "आत बाई आहे, आवाजाने मरेल. माळ दवाखान्यापलीकडे नेऊन बांध." हलगीवाल्याला तेच सांगितलं. त्याने विचारलं, "कुणाच्या घरातली?" मी म्हणाले, "बाईची जात आहे, तुला एवढं बास." थोरला पलीकडच्या बाजूला आला होता. त्याने आपल्या गाड्यांच्या माळा न सांगता उतरवायला सुरुवात केली.

मग सकाळची बारकी गाडी आली. मी रुळात उभी राहून हात वर केला. ड्रायव्हर बाहेर वाकून ओरडला, "बाई, सरका! शिट्टी द्यावीच लागते, नाहीतर माझी नोकरी जाईल. माणसं खाली आली तर?"

"माणसं येणार नाहीत. मी पुढे चालते. माझ्यामागून हळू या."

त्याने शिट्टीच्या दोरीवरचा हात काढला आणि इंजिन हळू सोडलं. मी रुळांच्या मधून चालत निघाले, दोन्ही हातांनी गाड्या, टांगे, माणसं बाजूला सारत, आणि मागून इंजिन माझ्या चालीने. दोन्ही पेठांची माणसं कडेला उभी राहून बघत होती. दवाखान्याची भिंत संपली तेव्हा मी रुळांतून बाहेर पडले आणि ड्रायव्हरला हात केला.

आत गेले. ती झोपली होती, म्हातारी तिच्या पायाशी. नाडी पाहिली. मग दुपारची गाडी किती वाजता येते ते विचारायला पुन्हा बाहेर पडले.