बाईंच्या चपलेचा पट्टा

आमच्या संस्थेत एक रीत आहे. मुख्य बाई बदलतात त्या दिवशी जाणारी बाई सगळ्यांना आपल्या हातानं जेवायला वाढते. मग वरणाचा डाव नव्या बाईच्या हातात देते. जेवणं झाली की नवी बाई उपकारस्तुतीची प्रार्थना करते, सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि तेवढ्यात जुनी बाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं निघून जाते. हार नाही, भाषण नाही, फोटो तर नाहीच नाही. फाटकापर्यंत सोडायला कुणी जायचं नाही.

ही रीत पहिल्या मडमबाईंनी घातली, असं सांगतात. दुष्काळात उघड्या पडलेल्या मुलींसाठी त्यांनी हे घर उभं केलं आणि म्हातारपणी त्या आपल्या देशी परत गेल्या. त्यांचं म्हणणं, जाणारीकडं सगळे बघत बसले तर येणारीकडं बघणार कोण?

त्यानंतर जग कुठल्या कुठं गेलं. मडमा गेल्या, आपल्या इकडच्या बाई आल्या. बाहेरून येणारी दुधाची पावडर बंद झाली. गिरण्या बंद पडल्या तशा कामगारांच्या लेकी आमच्याकडं आल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, मैंदर्गीकडच्या कानडी बोलणाऱ्या. कोरोनात तर प्रार्थनासुद्धा मोबाइलवर झाली. रीत मात्र कुणी मोडली नाही. मला तिचा भारी तोरा होता.

माझ्या आधीच्या बाई गेल्या तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं आहे. मी नवी मुख्य बाई. माझंही सगळं आयुष्य त्याच आवारात गेलेलं, आई-बाप कसे दिसायचे तेही आठवत नाही. या बाईंनीच मला वाढवलं, झोडलं, शिकवलं. माझं आमेन म्हणून झालं, डोळे उघडले, तर त्यांची जागा रिकामी. मुली रडत दाराकडं धावल्या. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "खबरदार! बसा जागेवर." आणि स्वतः मात्र खिडकीतून बघितलं.

बाई फाटकापाशी वाकून उभ्या होत्या. चपलेशी काहीतरी चाललं होतं. बराच वेळ चाललं होतं. मला वाटलं, पट्टा तुटला बिचारीचा. आता या उन्हात अनवाणी जाणार का काय? शेवटी त्या सरळ झाल्या आणि मागं न बघता निघून गेल्या. मी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन त्यांच्या मापाच्या नव्या चपला घेतल्या आणि वैरागला, त्यांच्या भाचीच्या घरी पाठवून दिल्या.

पुढं त्यांना भेटायला गेले, तर बाई त्या चपला घालून घरात फिरताहेत. मी हसले. "बाई, घरात चपला?"

"फरशी गार लागते गं," म्हणाल्या.

मे महिना होता. मी मनात म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय.

यंदा माझी पाळी आली. नवी बाई आमच्याच बोर्डिंगची मुलगी, नर्स झालेली, कामाला वाघीण. काळजी करावी असं काही नव्हतं. मी वरण वाढलं, भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली, डाव तिच्या हातात दिला. तिनं प्रार्थना सुरू केली. तिची प्रार्थना म्हणजे लांबलचक, देवालासुद्धा मधे बसायला पाट लागावा. मी पिशवी उचलली आणि मागच्या दारानं निघाले.

फाटकापर्यंत आले. प्रार्थना संपली असणार, ताटं उचलल्याचा आवाज येत होता. रिक्षावाला म्हणाला, "बाई, अजून कोन येनार हाय का?"

"न्हाय," म्हटलं.

पण पाय काही उचलेनात. मागं वळून बघायचं नाही, ही माझीच शिस्त. एकीच्या तरी पायांचा आवाज येईल म्हणून मी कान लावून उभी. एखादी द्वाड पोरगी तरी असेल की, बाईचं न ऐकणारी! मग नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून खाली वाकले आणि चपलेचा पट्टा सोडला. पुन्हा लावला. पुन्हा सोडला. माझ्या चपलेला काय धाड भरली होती? चांगली धडधाकट होती.

वाकल्या वाकल्याच मला माझ्या बाई आठवल्या. कुणी आलं नाही. मीच तसं वळण लावलेलं, कोण येणार?

आता कुंभारीला दोन खोल्यांत राहते. आमटी अजून जास्तच होते, हाताला सवय मोठ्या पातेल्याची. जेवणाआधी प्रार्थना मोठ्यानं म्हणते. आमेन म्हणायला दुसरं कुणी नाही, तेही मीच म्हणते. फार एकटं वाटतं. उगीच देवाचं नाव घेऊन ते झाकायचं नाही.

परवा कुरिअरवाला एक खोकं देऊन गेला. आत नव्या चपला. लगेच नव्या बाईचा फोन.

"बाई, मिळाल्या का? त्या दिवशी मी खिडकीतून बघितलं. तुमचा पट्टा तुटला होता की."

मी म्हटलं, "व्हय गं. तुटलाच होता."

"मग पायात घाला हं. नुसत्या ठेवून देऊ नका."

"पोरी जेवल्या का?" मी विचारलं. जेवल्या म्हणाली. पाठीमागं भांड्यांचा, हसण्याचा गलका होता. तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

काल शेजारीण भाजी द्यायला आली. माझ्या पायांकडं बघून म्हणाली, "अवो बाई, घरात चपला? एवढ्या उकाड्यात?"

"फरशी लई गार लागते," मी म्हटलं.