काजूच्या गोदामातली एमबीए

"माका कळला नाय. परत सांगा."

हे म्हणताना त्यांचा आवाज जराही खाली जात नसे, हे आधी ध्यानात घ्या. तुम्हीआम्ही न कळलेली गोष्ट कशी विचारतो? थोडं हसून, शेजाऱ्याकडे बघत. बहुतेक वेळा विचारतच नाही. त्या हातातलं काम थांबवायच्या, पदर कमरेला नीट खोचायच्या, समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि एवढंच म्हणायच्या.

वेंगुर्ल्यापासून जवळच आमचा काजूचा कारखाना. मी तिथे ऑफिसात लेखनिक आणि या बाई प्रतवारीच्या खोलीच्या मुख्य. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने सडसडीत. सगळा कारखाना त्यांना वयनी म्हणायचा, मालकसुद्धा. काजूगराची रास पुढ्यात पडली की त्यांची बोटं आपोआप चालायची: अख्खा गर एकीकडे, दुभंगलेली पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. नजर मात्र खोलीभर. कुणाचा हात मंदावलाय, कुणाला बरं नाही, सगळं त्यांना दिसायचं.

एकदा बाहेरून एक माणूस यंत्र विकायला आला. काजूबी आपोआप फोडणारं यंत्र. लॅपटॉपवर त्याने चित्रफीत दाखवली. बी इकडून आत, गर तिकडून बाहेर, मध्ये माणूस नाही. मालक खूश झाले. त्यांनी नमुन्याचे गर बघायला वयनींना बोलावलं.

"आमची बी बारीक-मोठी मिसळ असता," वयनी म्हणाल्या. "तुमच्या यंत्रात ती कशी फुटतली?"

तो बरंच बोलला. वयनींनी शांतपणे ऐकलं. "माका कळला नाय. परत सांगा." त्याने परत सांगितलं. "नाय कळला." तिसऱ्या वेळी तो थांबला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "खरं सांगू का बाई, मलाही हे कंपनीत विचारावं लागेल." आणि गंमत अशी, की जाताना तो रागावलेला नव्हता. दारात थांबून त्याने वयनींचा फोन नंबर घेतला.

पण यंत्र मालकांच्या डोक्यात राहून गेलं. ते आलं असतं तर बी फोडणाऱ्या चाळीसेक बायका घरी बसल्या असत्या. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

त्याच सुमारास मी एमबीएला नाव घातलं होतं. बाहेरच्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स, दोन वर्षांचा. पदवी घ्यायची आणि गोव्यात नाहीतर पुण्यात चांगली नोकरी बघायची, असा माझा बेत. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसलो होतो, तेव्हा वयनी डबा घेऊन आल्या.

"ह्यां काय?"

"एमबीए. धंदा कसा चालवायचा त्याचं शिक्षण. घरबसल्या करता येतं."

"तेका वय लागता?"

"वय नाही लागत. पदवी लागते."

"ती आसा," म्हणाल्या आणि डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी आपलं बी.कॉम.चं प्रमाणपत्र आणलं. एका कोपऱ्याला कसर लागली होती, बाकी शाबूत. इतकी वर्षं आम्ही एका छपराखाली काम करत होतो आणि या बाईंनी माझ्याही आधी पदवी घेतलीय, हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनीही नाव घातलं.

त्यांचं घर दरीत, तिथे रेंज नाही. रेंज यायची ती कारखान्याच्या गोदामात, मागच्या खिडकीशी. मालकांना विचारून त्यांनी तिथे दोन पोती आडवी टाकली आणि बसायची जागा केली. लॅपटॉप मुलीचा जुना, पुण्याहून पाठवलेला. रविवारी सकाळी तास असायचे; मी ऑफिसातल्या संगणकावर बसायचो. नवरा रिक्षाने आणून सोडायचा आणि बाहेर रिक्षातच थांबायचा. एकदा मी त्याला म्हटलं, तुम्ही घरी जाऊन या की. त्याने फडक्याने रिक्षाची काच पुसायला घेतली.

"लगीन झाला तेवा तिका पुढे शिकाचा होता," तो म्हणाला. "आमच्या घरात नको म्हटल्यानी. मी गप रवलो." मग म्हणाला, "आता हंय बसान रवतंय, तेवढांच."

पडद्यावर पन्नाससाठ चेहरे. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे मोठ्या शहरातल्या इमारती. वयनींच्या मागे काजूची पोती, छपरापर्यंत. संख्याशास्त्राच्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी भराभर सूत्रं मांडली आणि विचारलं, काही शंका? सगळे गप्प. मीही गप्प, कारण मला पहिल्या ओळीपासूनच काही कळलं नव्हतं. तेवढ्यात एक आवाज आला. मालवणी नाही, ऑफिसात बोलतात तसं शुद्ध मराठी.

"सर, मला कळलं नाही. परत सांगा."

सरांनी परत सांगितलं. वयनींनी परत विचारलं. चौथ्या खेपेला त्यांनी सूत्र बाजूला ठेवून भाजीबाजाराचं उदाहरण घेतलं, आणि मलाही उजेड पडला. तास संपला तेव्हा खाली लेखी निरोपांची रांग लागली होती. ओळख ना पाळख अशी माणसं त्यांचे आभार मानत होती. "हे सगळे कित्याक आभार मानतत?" त्यांनी मला विचारलं. त्यांना खरंच उमगलं नव्हतं.

इंग्रजी शब्दांचे अर्थ त्या वहीत आपल्या भाषेत लिहायच्या. ती वही मी पाहिलीय. 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' या शब्दापुढे लिहिलं होतं: 'मी हंय वाचीत बसलंय म्हणान घरात जी भाजी शिजली नाय, ती.' पुस्तकातली व्याख्या मला आजही आठवत नाही. ही विसरता येत नाही.

परीक्षाही त्याच खिडकीशी. आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवावी लागे, जवळ कुणी लपलेलं नाही ना म्हणून. पलीकडच्या पर्यवेक्षिकेने विचारलं, या पोत्यांत काय आहे?

"काजूबी."

"सगळ्या पोत्यांत?"

"सगळ्या. उघडून दाखवू?"

पलीकडून बाई हसल्याचं दाराबाहेर उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं.

तिसऱ्या सत्रात मी कोर्स सोडला. कारणं सांगितली, कामाचा व्याप, डोळ्यांचा त्रास. खरं म्हणजे मला पदवी हवी होती, शिकायचं नव्हतं. शेवटी प्रकल्प करावा लागतो, तो तयार मिळतो असं मी ऐकून होतो. वयनींनाही सुचवलं, की एवढा जीव काढू नका, विकत घ्या, सगळे घेतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, कोडं पडल्यासारखं बघणं होतं.

"मगे मी शिकतलंय काय?"

प्रकल्पाचा विषय त्यांनी आमच्याच कारखान्यातला घेतला. आमच्याकडे गर फार फुटायचा. अख्ख्या गराला भाव, पाकळी-तुकड्याला नाही. मालक म्हणायचे, बायकांचे हात बिघडलेत, म्हणूनच यंत्र आणतो. वयनींनी ठरवलं, हात बिघडलेत का ते बघायचं.

दोन महिने त्या रोज लिहीत होत्या. कुठली बाई कुठे बसली, किती गर फुटला, हवा दमट की कोरडी, बी कधी वाफवली, कधी फोडायला घेतली. बॉयलरवाला आधी बोलायला तयार नव्हता, आपल्यावर येईल म्हणून. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "चूक कोणाची ता माका नको," म्हणाल्या. "काय झाला ताच सांग." मग तो बोलला.

एक दिवस त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊ, हात बिघडूक नाय. वाफवलेली बी रात्रभर थंड होऊक होयी, मगे कवच कडक होता आणि गर अख्खो सुटता. आपण माल घाईत असलो की चार तासांत फोडूक देतो. त्याच दिवसांक गर फुटता. बाकी दिवसांक नाय."

कुठली बी कधी फोडायच्या शेडमध्ये सोडायची याचा तक्ता मीच लिहायचो. मालक ट्रक कधी येणार ते सांगायचे आणि मी घाईचा तास टाकायचो. थंड होण्याची वेळ कापत होतो ती माझ्या पेनाने.

"मी तुमचा नाव घालूक नाय," त्या म्हणाल्या. "पण अक्षर सगळे ओळखतत. म्हणान आधी तुमका सांगूक इलंय."

तो दिवस मी कसा काढला ते सांगत नाही. मागचे तक्ते कपाटात होते, किल्ली माझ्याकडे. ते नसते, तर दोन महिन्यांचा योगायोग म्हणून मालकांनी सगळं उडवून लावलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन वर्षांचे तक्ते काढले आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यांनी वरच्या पानावरून हात फिरवला. "बरां केलात," एवढंच म्हणाल्या.

मालकांपुढे आम्ही दोघं गेलो. मालक माणूस वाईट नाही, पण तापट. कागद उलटता उलटता त्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे चूक माझी, असं म्हणता?"

"चूक म्हणूक नाय मी," वयनी म्हणाल्या. "घाई म्हटलंय. एक महिनो बी थंड होऊक द्या. गर तेवढोच फुटलो तर तुमी यंत्र घ्या, मी एक शब्द बोलूचंय नाय."

चाळीस बायकांची भाकरी त्यांनी आपल्या दोन महिन्यांच्या लिहिण्यावर लावली होती. नंतर मी विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली," म्हणाल्या. "पण खरां होता मां."

महिना गेला. त्या दिवसांत शेडमध्ये बायका फार बोलत नव्हत्या, नुसता बी फुटल्याचा टकटक आवाज. रोज संध्याकाळी मालक स्वतः प्रतवारीच्या खोलीत येऊन पाकळीचा ढीग बघून जायचे. पहिला आठवडा काही फरक नाही, कारण आधी फोडलेलाच गर अजून प्रतवारीला येत होता. मग ढीग कमी व्हायला लागला. महिनाअखेर तो निम्म्याहूनही लहान होता. मालकांनी त्यातली मूठभर पाकळी उचलली आणि परत टाकली. मग मला म्हणाले, "यापुढे तक्ता वयनींना दाखवून टाकायचा." यंत्राचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

प्रकल्पाची तोंडी परीक्षा गोदामातच झाली. परीक्षकांनी ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला. आम्हाला वाटलं, अडवताहेत. पण ते काजूबद्दल विचारत राहिले होते, असं वयनी बाहेर आल्यावर म्हणाल्या. निकाल लागला तेव्हा त्या पहिल्या वर्गात पास झाल्या होत्या. नवरा पेढे घेऊन आला आणि वाटताना एकाकडेही तोंड वर करून बघेना, डोळे भरले होते म्हणून.

मालकांनी त्यांना व्यवस्थापक केलं. वर्षभर त्यांनी काम बघितलं. मग फोंडाघाटाकडच्या एका गावातल्या बायकांनी मिळून काजूची लहानशी शेड घातली आणि त्यांना बोलावलं. मालकांनी पगार वाढवतो म्हटलं. वयनींनी नमस्कार केला आणि गेल्या. त्यांची खुर्ची आता मला दिलीय. मी तिच्यावर बसतो, पण काम करताना अजून चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या चैत्रात कामानिमित्त त्या बाजूला गेलो होतो. म्हटलं भेटून यावं. वयनी नव्हत्या, दुसऱ्या गावात बायकांना शिकवायला गेल्या होत्या. शेडच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या होत्या आणि त्यांतून ठिपके जोडत एक वाकडीतिकडी रेघ खाली उतरत गेली होती. मी बघत उभा राहिलो, तशी एक म्हातारी आली. बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली. हजेरीच्या वहीत ती सही करत नाही, अंगठा उठवते, हे मला मागाहून कळलं.

"ती फुटक्या गराची रेघ," ती मला समजावू लागली. "खाली गेली तर बरां. मदी एकदा वर गेली ती दिसता? तेवा पावस इलो होतो, बी भिजली."

"आणि हा ठिपका कसला? कुणाच्या गराचा?"

"एकीचो नाय. सगळ्यांचो मिळान एकीक किती येता, तो. सरासरी म्हणतत तेका."

मग तिने कोनाड्यातला कोळसा उचलला, आत डोकावून कुणाला तरी आजचा आकडा विचारला, बोटाने भिंतीवर घरं मोजली, आणि जरा वाकून, फार काळजीपूर्वक, आजचा ठिपका ठेवला.