मठ्ठ्याच्या बर्फातली बाटली

बाटलीतलं इन्सुलिन पाण्यासारखं नितळ दिसत होतं. लग्नघरी येताना उन्हाच्या धास्तीने मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. वहिनींनी ती मायेने मठ्ठ्याच्या बर्फात पुरली. ह्यांनी इंजेक्शन घेतलं आणि पंगतीत बसले. मग वहिनी सहज म्हणाल्या, "मघाशी पार गोठली होती, मीच हातात धरून वितळवली."

एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. नासलेलं दूध निदान फुटतं, आंबलेल्या वरणाला वास येतो. ही बाटली काहीच सांगत नव्हती. मी काळजी केली ती फक्त उन्हाची. प्रेमाने कुणी बर्फात पुरेल, हे डोक्यातच आलं नाही.

पलीकडून ह्यांचा आवाज आला, "वाढा जिलेबी, आज इंजेक्शन घेऊनच बसलोय."