उपोसथाच्या संध्याकाळची गोळी

तुमच्या घरात दुखण्याची गोळी रोज कोण घेतं, आणि ती घेताना त्या माणसाच्या पोटात काय असतं, हे तुम्ही कधी विचारलंय?

मी विचारलं नव्हतं. वडील गावोगाव चळवळीची पत्रकं वाटायचे. त्यांच्याच गठ्ठ्यांवर मी अक्षरं शिकले, आणि जाब विचारायलाही. तहसीलमध्ये टेबलावर हात आपटून विचारलं. आईची मात्र साधी चौकशी केली नाही.

आईचं आयुष्य वसमतला हळद शिजवण्यात आणि निवडण्यात गेलं. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले. संधिवात. गोळी सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर घ्यायची, हे तिला पाठ होतं. पण वर्षावासात, म्हणजे बौद्धांच्या पावसाळी तीन महिन्यांत, ती अष्टशील पाळते. उपोसथ, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही. मग संध्याकाळची गोळी कोऱ्या चहाबरोबर, आणि वर कोमट पाण्यात दोन चमचे हळद. हळदीनं सूज उतरते, हे आमच्याकडे लेकरूसुद्धा सांगेल.

मागच्या वर्षावासात तिला चार पावलांत दम लागायला लागला. मला वाटलं, उपासाचा थकवा. महिन्याच्या गोळ्या आणायला दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. औषधांच्या खिडकीवरच्या ताईनं गोळ्या काढल्या, पण हातातच धरून ठेवल्या.

“मावशी, संध्याकाळची कशासंगं घेता?”

“चहासंगं. उपोसथ हाय. गोळी म्हंजे काई जेवन न्हाई.”

“आन वरून काही?”

“हळद. वसमतची बाई हळद न्हाई खाणार तर कोण खाईल?”

“ताई, गोळ्या द्या ना,” मी मध्येच म्हणाले. “आमची बस हाय.”

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीतून पुढे वाकून हळू आवाजात विचारलं, “मावशी, शौचाला काळं होतं का?”

आईनं माझ्याकडे पाठ केली. मग म्हणाली, “व्हय. पंधरा दिवस झाले. लेकीला काय सांगावं असलं.”

ताई उठली आणि आईचा हात धरून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीनं जठरात जखम होऊन आतून रक्त जात होतं; म्हणून शौच काळं, म्हणूनच दम. डॉक्टर म्हणाले, भाजीतली हळद चालेल. पण या गोळीवर चमच्यानं हळद घेतली, तर रक्तस्राव वाढू शकतो. आईला रक्त चढवलं. ती वाचली.

जरा बरं वाटल्यावर तिची एकच काळजी: “आता माझं शील?”

“उपोसथ तुमचा, मावशी,” ताई म्हणाली. “गोळीची येळ आमी बदलू.” डॉक्टरांनी औषधच बदललं, आणि ते दुपारच्या जेवणानंतर बसवलं. यंदाचा वर्षावास आईनं पूर्ण केला. बोटं अजून दुखतात, पण आता ती मला सांगते.

मी त्या ताईची आयुष्यभर ऋणी आहे. म्हणून मागणं तुमच्याकडे: आज घरी विचारा. औषधाच्या खिडकीवर उपास, चहा, हळद, काढा, सगळं सांगा. आणि रांगेत पुढच्या बाईला कुणी असं विचारत असेल, तर माझ्यासारखी घाई करू नका. एक बस जाऊ द्या.