मोटरीतले मामा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको – भुतंखेतं, करणी, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही धड नाही. मी परभणीत पन्नास वर्षं मोटार दुरुस्तीचं गॅरेज चालवलं. गाडी बंद पडली तर त्याला कारण असतं. ते बॉनेटखाली असतं, नाहीतर टाकीत असतं, नाहीतर चालवणाऱ्याच्या डोक्यात असतं. इथले तुमचे अनुभव नात मला वाचून दाखवते आणि मी निम्म्यातच "गप गं" म्हणतो. तरी हा एक सांगायला तिनं मला बसवलंच... मी सांगतोय, ती टाइप करतेय. चुका तिच्या.

गोष्ट मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली. मोठी लढाई चालू होती. पेट्रोल परमिटवर मिळायचं, आणि तेही साहेबाची मर्जी असली तर. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आईवडील पटकीत एकाच आठवड्यात गेले, त्यानंतर मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, आक्कानं. तिचं लग्न झालं तेव्हा दाजींनी मलाही सोबत आणलं. मानवतपासून चार कोस आत त्यांचं गाव, घरची शंभर एकर काळी, कापूस मुबलक. "दत्तू काय परका हाय का?" एवढंच म्हणाले होते. लय मोठ्या मनाचा माणूस.

आक्काचं पहिलं बाळंतपण अडलं. भर आषाढात तिला बैलगाडीत घालून आम्ही परभणीला निघालो, आणि सडक लागायच्या आधीच चाकं आसापर्यंत रुतली. मुलगी गाडीतच झाली. घरी कामाला असलेल्या गोदामावशी सोबत होत्या, त्यांना सुईणीचं सगळं कळायचं. त्यांनी बाळाच्या पाठीवर थोपटलं, पाय धरून उलटं केलं, तोंडात फुंकर घातली... पोर रडली नाही. मी बैलांचा कासरा धरून चिखलात उभा होतो आणि फक्त एक रडणं ऐकू यावं म्हणून वाट बघत होतो. ते काही आलं नाही.

आक्काला कशीबशी परभणीला नेली, तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दाजींना स्पष्ट बजावलं. पुढची खेपही अशीच अडणार. वेळेत इथं आणली तर दोघं वाचतील, नाहीतर बायकोचीही आशा सोडा. दाजींनी त्याच वर्षी हैदराबादहून एक जुनी मोटर आणली. कापडी हुडाची, पितळी हॉर्नची. लोकांना वाटलं, मालकाला शौक चढला. मला मात्र त्यांनी परभणीच्या एका मिस्त्रीकडं सहा महिने शिकायला ठेवलं आणि म्हणाले, "दत्तू, ही मोटर एकाच कामासाठी हाय. त्या दिवशी ती चालू झाली पायजे. बाकी काय मला नको."

पुढच्या वर्षी आक्काला पुन्हा दिवस राहिले. दिवाळीनंतरचा महिना धरला होता. पेट्रोलचे दोन डबे दाजींनी कसेबसे मिळवून, तोंडं डाख लावून बंद करून ठेवले होते, त्यातला थेंबही काढायचा नाही असा हुकूम. आणि पावसाळ्यात आमच्या रानात मोटर कुठली चालतेय? चार महिने ती उभी करून ठेवायची होती. रुंद दाराची खोली घरात एकच, सरकीची. सरकी म्हणजे कापसाचं बी. अहो, उंदरांचं माहेर ते! पण दुसरी जागाच नव्हती.

मिस्त्रीनं मला निघतानाच सांगितलं होतं, "चूहा तार नहीं खाता बेटा, तार के ऊपर का कपड़ा खाता. रोज देखना. भूलना नक्को." तेव्हाच्या वायरिंगला वर सुती कापड गुंडाळलेलं असायचं. मी सगळे उपाय केले. चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली. सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. सीटवर तंबाखूची पानं, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या, ठोकळ्यांना रॉकेल, दाराशी दोन पिंजरे. बॅटरी काढून माझ्या खोलीत ठेवली. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला.

एक दिवस पिंजरा लावता लावता मी गोदामावशींना म्हणालो, "आज उंदीर सापडतोय बघा." तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "नाव घेऊ नगा दत्तूबाबा! ऐकायलेत ते. आता चिडून मोटर फाडतील. मामा म्हना, मामा." त्या भागात ही रीतच होती. उंदराला उंदीर म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. म्हणजे मान दिल्यासारखं होतं आणि तो नासधूस करत नाही. मी लय हसलो. पण आक्काही म्हणाली, "म्हन की मामा, तुझं काय जातंय?" मग घरात सगळेच म्हणायला लागले. मामा दिसले का, मामांनी काय खाल्लं, मामा सापडले का.

भादव्यातली गोष्ट. दुपारची वेळ, जेवण झालेलं. मी ओसरीत बसून स्पार्क प्लग घासत होतो. तेवढ्यात सरकीच्या खोलीतून हाक आली – "मामा!"

लहान लेकराचा आवाज. मला वाटलं, गोदामावशींची नात आली असेल आणि तिला उंदीर दिसला असेल. उठून गेलो. दाराला कुलूप. माझंच कुलूप. उघडलं तर आत कुणी नाही. बॉनेट उचललं, तर डिस्ट्रिब्युटरच्या मागं कापसाचं ताजं घरटं! अजून एक तार कुरतडली नव्हती, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत एक शिल्लक राहिली नसती. ते काढलं आणि गोदामावशींवर तणतणलो, की तुमची नात आत शिरली कुठून? त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "माझी नात? लेक पूर्णेला रेल्वेत हाय माझा. लेकरं तिकडंच हायती की."

गल्लीतलं कुणाचं तरी पोरगं खिडकीच्या गजातून ओरडलं असेल, म्हणून मी तो विषय सोडला.

आठ दिवसांनी पुन्हा तीच हाक. या खेपेला हॉर्नच्या तारेपाशी लेंड्या. मग पंधरवड्यानं पुन्हा... डायनामोच्या मागं एक माजलेली घूस, तिला मी पान्यानंच हाणली. दर वेळी दुपार, दर वेळी "मामा", आणि दर वेळी तिथं काहीतरी सापडायचंच. खिडकीखाली जाऊन बघितलं, तर तिथं पुरुषभर उंचीची काटेरी बाभळीची वई, दाट कुंपणच. तिथं कुठलं लेकरू उभं राहणार? पण मी डोकं चालवलं नाही. उलट मला ते बरंच वाटायला लागलं, चोवीस तास राखण कोण करणार? गंमत बघा, इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. घरात सगळे उंदरांना मामा म्हणायचे, मग मामा म्हटलं की मला उंदीरच आठवायचे.

दसऱ्याला मोटर धुऊनपुसून तिची पूजा केली, सीटा उचलून पाहिल्या, सगळं स्वच्छ. पुढचं इंजिन मी नंतरही रोज बघायचो. मागची सीट मात्र पुन्हा उचलली नाही. ही चूक माझी. कबूल करतो.

दिवाळीच्या आधीच, तीन आठवडे लवकर, आक्काला कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ, गाई चरायला निघाल्या होत्या. दाजी कापसाच्या कामासाठी जालन्याला गेलेले. गोदामावशी धावत आल्या, "दत्तूबाबा, मोटर काढा! बाईचं काय खरं न्हाई!" बॅटरी जोडली, ठोकळे काढले, एक डबा टाकीत ओतला, दुसरा मागच्या सीटपाशी ठेवला. हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. इतका आनंद मला आयुष्यात परत कधी झाला नाही. आक्काला मागं आडवी केली, तिचं डोकं गोदामावशींच्या मांडीवर. गियर टाकणार, तेवढ्यात –

"मामा!"

माझ्या मागून. अगदी मागून, मागच्या सीटवरून. मी वळून विचारलं, "काय?"

"काय काय?" गोदामावशी ओरडल्या. "चला की!"

"तुमी हाक मारली ना?"

"कुनी न्हाई मारली! चला दत्तूबाबा, पाया पडते!"

आक्काचे डोळे मिटलेले, ओठ दातांत धरलेला. मी पुन्हा गियरला हात घातला. आणि पुन्हा – "मामा!" या वेळी रडवेला आवाज, हट्टाला पेटलेल्या लेकरासारखा. एकीकडं बहीण तडफडतेय, एकेक मिनिट मोलाचं. आणि दुसरीकडं ही हाक, जी आजपर्यंत एकदाही खोटी ठरली नव्हती. मी इंजिन बंद केलं. गोदामावशींनी मला ज्या शिव्या घातल्या त्या नात टाइप करणार नाही.

बॉनेट उचललं, स्वच्छ. डॅशखाली, स्वच्छ. मग डोकं चाललं, हाक मागून आली होती. दोघींना खाली उतरवलं. कळा सोसणाऱ्या बाईला उतरवलं मी, अजून लाज वाटते. सीट उचलली. आत पसाभर कापूस पिंजून भरलेला. त्याच्या मधून मागच्या दिव्याची तार जात होती, ब्रेक दाबला की लागतो त्या दिव्याची. तिच्यावरचं कापड वीतभर साफ खाल्लेलं, उघडं तांबं पत्र्याला टेकलेलं. आणि हातभर अंतरावर पेट्रोलचा डबा. त्या मोटरीला फ्यूज नव्हता. गावाबाहेर ओढ्याचा उतार, तिथं मी पहिला ब्रेक दाबला असता, ठिणगी पडली असती, आणि पुढचं मी सांगायला नको.

तार कापून टाकली, कापूस उपसला, सीट बसवली. पाच मिनिटं गेली असतील. मग मी मोटर अशी हाणली म्हणता! जेवणवेळेच्या आत परभणीच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.

दुपारी आतून रडणं ऐकू आलं. मोठं, बेंबीच्या देठापासून. मी बाहेर भिंतीला टेकून हमसाहमशी रडलो. थोड्या वेळानं एक नर्स गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली आणि वऱ्हांड्यातल्या माणसांकडं बघत म्हणाली, "याचा मामा कोनय? घ्या."

मी हात पुढं केले आणि तिथंच थिजलो. त्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या घरातल्या लेकराचा खराखुरा मामा मी एकटाच होतो.

मी हे कुणाला बोललो नाही. बोलणार काय? सव्वा महिना झाल्यावर एका सकाळी आक्का परसात बाळाला उन्हात न्हाऊ घालत होती, मी पाणी ओतत होतो. तिनंच विचारलं, "दत्तू, त्या दिवशी तू मोटर थांबवलीस कशाला? तुला कसं कळलं रे?"

मग सगळं सांगितलं. भादव्यापासूनचं. ती हात थांबवून ऐकत राहिली. मी शेवटी चाचरत म्हणालो, "आक्का, मला वाटतं... आपली पहिली..."

"ती रडलीसुदिक न्हाई रे," आक्का म्हणाली.

तेही बरोबरच. जन्मली तेव्हा श्वास नव्हता, ती हाक कशी मारणार? आणि ज्या लेकरानं कधी तोंड उघडलं नाही, त्याला मामा हा शब्द कुणी शिकवला? आज साठ वर्षं झाली. मी स्वतःलाच पाखरू, वारा, शेजारचं पोर, माझ्याच मनाचा खेळ, सगळं सांगून बघितलं. मनाचा खेळ म्हणावं तर मागच्या सीटखालचं माझ्या मनाला कुठून ठाऊक? कारण असतंच म्हणणारा मी, आणि मला या एका गोष्टीचं कारण सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर जरूर लिहा, नात वाचून दाखवेल.

पण आक्कानं कारण विचारलं नाही. तिनं बाळाला पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि खाली मान घालून म्हणाली, "मी तर मागंच होते रे त्या सीटवर. मला कसं ऐकू आलं न्हाई?"

मग तिनं विचारलं, "आवाज कसा होता रे तिचा?"

"घोगरा," मी म्हणालो. "थोडा तुझ्यासारखाच."

"अजून सांग," आक्का म्हणाली.